लाल झाकण, निळं झाकण

१५ जानेवारी, गुरुवार. सकाळी ८.

काल उत्तरायण. अगाशीवर चढलो तेव्हा शिंका शून्य. उतरलो तेव्हा एकतीस. समोरच्या बंगल्यातल्या पोरांनी माझा पतंग कापला तो नेमका सतराव्या शिंकेला. त्यात त्यांचं कसब काही नाही. "काय पो छे" म्हणून जे बोंबलत होते ते माझ्या नाकाच्या जिवावर.

दरवर्षी हेच. जानेवारीच्या मध्याला सुरू, मार्चअखेरीला बंद. कारण माहीत आहे: गॅलरीसमोरचं वावळाचं झाड. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी हातावर सुया टोचून टेस्ट केली तेव्हा बाकी सगळीकडे कातडी शांत, वावळाच्या परागकणांच्या जागी रुपयाएवढी गांध. झाड तोडायला सोसायटी तयार नाही. सेक्रेटरी म्हणतात, साहेब, पर्यावरण! स्वतःची गाडी दिवसभर त्याच्याच सावलीत असते.

यंदा फरक एवढाच की ८ मार्चला उत्कर्षाचं लग्न आहे. आणि आमच्या घराण्यात मुलीचा बाप मंगलाष्टकं स्वतः रचतो आणि स्वतः म्हणतो. आमचे वडील दत्ताजीराव ताईच्या लग्नात उभे राहिले तेव्हा सगळा मांडव डोळे पुसत होता. माझी पाच कडवी तयार आहेत. चार घरात सगळ्यांना ऐकवून झाली. पाचवं कुणालाही दाखवलेलं नाही. ते ऐन वेळी. त्यात तिचं नाव आहे. "उत्कर्षा मम लेक ही निघतसे, कुर्यात् सदा मंगलम्." उत्-कर्-षा, तीन गुरू. शार्दूलविक्रीडित असंच सुरू होतं. नाव ठेवताना मी हे लक्षात घेतलं होतं. (नाव ताईने ठेवलं. पण मी हरकत घेतली नव्हती.)

संकल्प: ८ मार्च, दुपारी १२.४४ ते १२.५२. आठ मिनिटं. एकही शिंक नाही.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ११.

उत्कर्षा अहमदाबादहून बडोद्याला, घरी आली. तिथे ती औषधांच्या चाचण्या घेणाऱ्या कंपनीत आहे. येताना नाकात मारायचा फवारा घेऊन आली, डॉक्टरांनी लिहून दिलेलाच. म्हणाली, बाबा, रोज सकाळी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन, लग्नाच्या निदान दोन आठवडे आधीपासून, एकही दिवस चुकवायचा नाही. मला तुझी मंगलाष्टकं हवीयत. व्हिडिओवाल्याला सांगून ठेवलंय.

फवारा ड्रॉवरमध्ये ठेवला. करू. घाई काय आहे.

संध्या. ७. मेहुणे आले. डॉ. लक्ष्मीकांत, होमिओपॅथ, समा रोडवर क्लिनिक, बायकोचा, सरोजिनीचा, धाकटा भाऊ. माझं शिंकणं बघून चेहऱ्यावर जी दया आणली ती मला या जन्मात विसरता येणार नाही. म्हणाले, भाऊजी, फवाऱ्याने लक्षणं दबतात, रोग आत जातो. सहा आठवडे माझ्या गोळ्या घ्या.

माझं टाळकं सरकलं. छत्तीस वर्षं कोयलीला रिफायनरीच्या लॅबमध्ये काढली आहेत मी. पेट्रोलमध्ये दहा लाखांत दहा भाग गंधक असलं तरी पकडायचो. यांच्या तीस पोटेन्सीत एक थेंब शंभरात, त्यातला एक थेंब पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. बाराव्या वेळेनंतर मूळ औषधाचा एक कणही शिल्लक राहण्याची शक्यता नाही. उरलेल्या अठरा वेळा हा माणूस पाण्यात पाणी घालतो आणि बाटली तळहातावर आपटतो. मी म्हटलं, आजवा तलावात एक थेंब टाकला तरी तो यापेक्षा कडक काढा होईल. सरोजिनी म्हणाली, जेवायला बसा.

२२ जानेवारी, गुरुवार. दुपारी ३.

रविवारी रात्रीच लक्ष्मीकांतने व्हॉट्सअ‍ॅपवर पुरावा पाठवला. ग्लासगो, १९८६, 'हे फीवर'वरच, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीवरच चाचणी, १४४ पेशंट, मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापलेली, होमिओपॅथीवाल्यांना आराम जास्त. खाली हात जोडल्याचं चित्र. चार दिवस धुमसत वाचत बसलो. मग उत्तर पाठवलं: पुढे मोठ्या चाचण्यांत तसं काही टिकलेलं दिसत नाही, आणि २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या सरकारी समितीने सगळे अभ्यास चाळून सांगितलं की एकाही आजारावर होमिओपॅथी चालल्याचा भरवशाचा पुरावा नाही. एकाही. अधोरेखित केलं. त्यांचं उत्तर: भाऊजी, प्रत्येक माणूस वेगळा असतो, ऑस्ट्रेलियाने तुम्हाला कुठे तपासलंय.

ठीक आहे. तपासू. माझ्यावरच तपासू. माझ्या घरात, माझ्या नाकावर, डबल ब्लाइंड. निकाल लग्नाआधी, सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. उत्कर्षासुद्धा बघेल की बापाला चाचणी म्हणजे काय ते कळतं.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी १२.

लक्ष्मीकांतच्या क्लिनिकमध्ये केस-टेकिंग. सव्वा तास. उजव्या कुशीवर झोपता की डाव्या? गोड आवडतं की खारट? कुत्र्याची भीती? विजेची? एकटे असताना रडू येतं का? म्हटलं, मी विश्राम दत्ताजीराव, कोयलीचा माजी चीफ केमिस्ट, नाकासाठी आलोय. अलीकडे काही दुःख? म्हटलं, नाही. घरातून कुणी जाणार आहे का? म्हटलं, लग्न आहे, त्याला जाणं म्हणत नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

औषध: सबाडिला ३०. पथ्य: कच्चा कांदा, लसूण, कॉफी, पुदिन्याची टूथपेस्ट बंद. मी म्हटलं, दिसायला हुबेहूब तशाच साध्या गोळ्याही द्या. वाटलं होतं गांगरतील. त्यांनी हसत साध्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची अख्खी पिशवी काढून दिली. म्हणाले, घ्या, लागतील तेवढ्या. इतका आत्मविश्वास माणसाला शोभत नाही.

३१ जानेवारी, शनिवार. दुपारी ४.

प्रोटोकॉल तयार. दोन बाटल्या, लाल झाकण आणि निळं झाकण. एकीत औषध, एकीत साखर. कुठल्या बाटलीत काय ते फक्त सरोजिनीला माहीत. तिने चिठ्ठीत लिहून लखोट्यात घालून देवघरात बाळकृष्णाच्या मागे ठेवलं. एक आठवडा लाल, एक निळी, असे चार आठवडे. शिंकपत्रक फ्रिजवर लावलं.

उत्कर्षाला फोनवर सांगितलं. डबल ब्लाइंड म्हणजे देणाऱ्यालाही माहीत नको, असं ती म्हणाली. म्हटलं, तुझ्या आईच्या चेहऱ्यावरून गेल्या तेहतीस वर्षांत मला काही कळलेलं नाही, ब्लाइंडिंग पक्कं आहे. मग म्हणाली, बाबा, एका माणसावर, तेही वावळ फुलत असताना, याला काही अर्थ नाही, प्लीज फवारा सुरू कर. पण फवारा घेतला तर चाचणीत भेसळ होईल. शास्त्र म्हणून काही आहे की नाही.

१ फेब्रुवारी, रविवार.

लाल. चार गोळ्या, जिभेखाली. गोड. शिंका १५.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.

घरात बायकाच बायका. मंदामावशींच्या देखरेखीखाली रुखवत. मंदामावशी म्हणजे सरोजिनीची मावसबहीण, बडोद्यातल्या निम्म्या मराठी लग्नांची रुखवतं यांच्या हातची. यंदा राजहंसाची जोडी करतायत, अंगभर पांढरे मोती. मोती कमी पडले म्हणून ओरडा चाललाय. मांडवीचा बाजार बंद, मंगळवार. मी खोलीचं दार लावून घेतलं. एका हंसासाठी माणसाने किती ओरडावं.

संध्या. ६. सरोजिनीने लाल बाटली आणून दिली. काल पाऊण होती, आज गळ्यापर्यंत भरलेली. लॅबमधली नजर, सुटत नाही. विचारलं. म्हणाली, हलवल्यावर फुगतात. पटण्यासारखं आहे, गोळ्यांमध्ये हवा जात असणार. निळीही तशीच भरलेली. म्हणजे दोन्हींवर परिणाम सारखा. नोंद केली, पुढे गेलो. शिंका १३.

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्या. ६.

लाल आठवडा संपला. एकूण ८४. यातून फोडणीच्या १९ वजा केल्या, कारण मोहरीला होमिओपॅथी जबाबदार नाही. शत्रूलाही न्याय द्यावा माणसाने. निव्वळ ६५. आता उद्यापासून निळीच्याही एवढ्याच आल्या की लक्ष्मीकांतचा हिशेब पूर्ण. ग्रुपवर टाकायचा मेसेज तयार आहे. पहिलं वाक्य: "कुणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही."

११ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २.

निळी. आज ३१. वॉचमन विक्रमसिंह म्हणाला, साहेब, झाड आखुं फूलथी भराई गयुं छे. म्हटलं, मला नको सांगूस, पक्षपात होईल.

कबुली: सकाळी शेव-उसळ खाल्ली, वर मूठभर कच्चा कांदा. पथ्यभंग. पण निळ्या आठवड्यात. आणि निळी साधी असेल तर कांद्याने बिघडणार काय? औषधाची असेल तर अवघड आहे. साधीच असणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्या. ६.

निळी: १६३.

हे बरोबर दिसत नाही. दोन्ही सारख्या यायला हव्या होत्या. फोडणीच्या वजा करायच्या राहिल्या. पण रोजच्या रोज मोजल्या नव्हत्या, आता मागे जाऊन अंदाजाने वजा करणं अप्रामाणिकपणा होईल. आकडा आहे तो आहे.

लक्ष्मीकांत आले होते. पत्रक बघितलं. काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा जास्त लागतं मला.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.

पुणे, सातारा, कोल्हापूर. पत्रिका वाटून आज आलो. पाच दिवस लाल बाटली खिशात. शिंका, ऐका: एकूण २२! कोल्हापुरात तर एका दिवशी दोन, त्याही मिसळीच्या.

कोल्हापुरात वावळ आहे की नाही ते बघायला हवं होतं. पण शास्त्रज्ञाने झाडं बघत फिरू नये, आकडे बघावे.

मी कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. मी फक्त डेटाला मान देतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४.

निळी. घरात लग्नाचा रंग. रंगारी भिंती खरवडतायत. सकाळपासून ४७. मोजता मोजता दोनदा चुकलो. काय भिकार बाटली आहे ही! झाकण बघितलं तरी नाक चुरचुरतं.

पार्टी प्लॉट, म्हणजे लग्नाचं मैदान, बघून आलो. मीच निवडलेला, मार्चचं ऊन म्हणून खास झाडांचा. मांडव दोन मोठ्या झाडांच्या मधे. गार सावली. व्याही खूश. झाडं कुठली ते मॅनेजरला माहीत नव्हतं. पानं सगळी गळलेली, फांद्यांना हिरवट-तपकिरी तुरे, ओळखू येईना. आणि तिथे मी सारखा शिंकत होतो, त्यामुळे नीट बघता आलं नाही.

बँडवाले नंदू मास्तर तिथेच भेटले. गुजराती माणूस, मराठी लग्नं फारशी वाजवलेली नाहीत. नीट समजावलं: आमच्यात शेवटच्या सावधाननंतर वाजवायचं, तोवर गप्प. म्हणाले, साहेब, छेल्लुं केवी रीते खबर पडे? म्हणजे शेवटचं कसं ओळखायचं. म्हटलं, मी हात वर करेन. म्हणाले, बस, तमे हाथ ऊंचो करो एटले अमे चालु. गुरुजींना आणि अंतरपाट धरणाऱ्या दोघांनाही तेच सांगितलं. सगळ्यांना एकच खूण. प्लॅनिंग असं असतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.

अंतिम निकाल. लाल: ६५ अधिक २२, ८७. निळी: १६३ अधिक २१२, ३७५.

लखोटा फोडला.  सरोजिनीचं अक्षर: लाल, लक्ष्मीकांतचं औषध. निळी, साध्या गोळ्या.

देवघरासमोरच बसून चिठ्ठी तीनदा वाचली. सरोजिनीने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, दोन्हींत फरक नाही. ती काहीतरी सांगणार होती. म्हणाली, अहो, त्या बाटल्यांचं एक... मी म्हटलं, नंतर. या घरात मला विचार करायला पाच मिनिटं मिळत नाहीत.

१ मार्च, रविवार. सकाळी १०.

निर्णय. जाहीर भूमिका बदलणार नाही. ग्रुपवर काही टाकायचं नाही. लक्ष्मीकांतला तर मेलो तरी सांगणार नाही. लाल बाटली मात्र सुरू ठेवायची, दिवसातून तीनदा, आठ तारखेपर्यंत. ही श्रद्धा नाही. ३७५ विरुद्ध ८७ ही श्रद्धा नसते.

उत्कर्षाचा फोन. फवारा घेतोस ना, आता तरी? हो म्हटलं. ती आता लग्नाची सुट्टी काढून घरी येणार, ड्रॉवर उघडून बघणार. म्हणून रोज सकाळी चार फवारे गॅलरीतल्या मनीप्लांटवर मारायचे ठरवलं. बाटली संपत आलेली दिसली पाहिजे.

५ मार्च, गुरुवार. सकाळी ९.

उत्कर्षाने ड्रॉवरमधली बाटली हलवून बघितली. गळ्यात पडली. बाबा, तू ऐकलंस माझं.  लाल बाटली पायजम्याच्या खिशात होती.

शिंका काल ३८, परवा ४१. लाल असूनही. लक्ष्मीकांतच म्हणतात ना, की आधी त्रास वाढतो मग उतरतो, म्हणजे औषध लागू पडतंय. पूर्वी मी या वाक्यावर खो खो हसलो होतो. तेव्हा माझ्याकडे डेटा नव्हता.

मनीप्लांट छान आहे. एकदाही शिंकला नाही.

७ मार्च, शनिवार. दुपारी ४.

रुखवत मांडून झालं. राजहंस बघितले. पिसांचं काम खरंच सुरेख, एकेक दाणा बसवलेला. मंदामावशींना तसं म्हटलं. त्यांनी सरोजिनीकडे बघितलं आणि दोघी हसल्या. या बायकांना कौतुकही करू देववत नाही.

पाचवं कडवं गॅलरीत हळू आवाजात म्हणून बघितलं. "मम लेक ही"पाशी आवाज जड होतो. ते उद्या सांभाळायचं. शिंकेची काळजी नाही.

८ मार्च, रविवार. सकाळी ७.

लाल, आठ गोळ्या. ९ वाजता आठ. निघताना उरलेल्या सगळ्या तोंडात ओतल्या. झालं. आता कोण अडवतो बघू.

९ मार्च, सोमवार. सकाळी ११.

लिहायचं नव्हतं. पण नोंद म्हणून.

ती दोन्ही झाडं वावळाची होती. विक्रमसिंह लग्नाला आला होता, त्याने आल्या आल्या सांगितलं. वाऱ्याची झुळूक आली की मांडवावर पिवळसर धूळ उतरत होती. लोकांना वाटलं हळद.

१२.४४. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. लक्ष्मीकांत तिला घेऊन आले, मागे उभे राहिले. अंतरपाट. पहिलं कडवं स्वच्छ गेलं. लोक माना डोलवत होते. दुसऱ्यात बाराव्या अक्षराला, जिथे श्वास घ्यायचा, तिथे पहिली. लोकांना वाटलं कडवं संपलं, अक्षता टाकल्या. तिसऱ्यात चार, चारही वेळा अक्षता. मुलाकडच्या कुणीतरी म्हटलं, अक्षता पुरवून टाका. चौथं कडवं मी काय म्हटलं मला ठाऊक नाही. "सावधान" गुरुजींनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

मग पाचवं. कागद उघडला. माइकजवळ तोंड नेलं. "उत्" एवढं बाहेर पडलं आणि मग सुरूच झाल्या, एकीला दुसरी चिकटून. माइकमधून. मी रुमाल काढला. रुमालाचा हात वर गेला.

नंदू मास्तरांची चूक नाही. सांगितलं होतं तसं त्यांनी केलं. अकरा माणसांचा बँड एकदम. अंतरपाट धरणाऱ्यांनीही सांगितलं होतं तसं केलं. मी दुसऱ्या हाताने नाही नाही करत होतो, तर मी नाचतोय असं वाटून जावयाच्या, शुभंकरच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. उत्कर्षाने शुभंकरला हार घातला. ती हसत होती. व्याही मिठी मारायला आले. मी शिंकत होतो.

गुरुजी म्हणाले, मुहूर्तात बसलं, चिंता नको.

लक्ष्मीकांत खुर्ची घेऊन आले. पाणी दिलं. मग सिल्कच्या कुर्त्याच्या खिशातून एक पाकीट काढलं, ॲलर्जीच्या साध्या इंग्लिश गोळ्यांचं, चार संपलेल्या. म्हणाले, ही घ्या भाऊजी, अर्ध्या तासात बरं वाटेल. मी पाकीट उलटंसुलटं करून नाव वाचलं. तर म्हणाले, लग्नकार्यात मी रिस्क घेत नाही.

घेतली. पाठवणीपर्यंत नाक कोरडं होतं.

१५ मार्च, रविवार. सकाळी १०.

जोडी बेंगळुरूच्या नव्या घरी पोचली. घर मोठं वाटतं. शिंका १२. पत्रक अजून फ्रिजवर आहे, काढायचं जिवावर येतं.

तरीही म्हणेन, चाचणी चुकीची नव्हती. कार्यस्थळाची निवड चुकली. ३७५ विरुद्ध ८७ आहेच.

२९ मार्च, रविवार. दुपारी १.

उत्कर्षाचा व्हिडिओ कॉल. काचेच्या कपाटात ठेवलेल्या राजहंसांना मुंग्या लागल्या. रांगच्या रांग. एक हंस मानेपर्यंत खाल्ला. शुभंकर म्हणतो, मोत्यांना मुंग्या पहिल्यांदाच बघितल्या.

सरोजिनी माझ्याकडे न बघता सांगू लागली. तीन तारखेला मोती संपले, मांडवी बंद, डिंक वाळत चाललेला. मंदामावशींना गोळ्या दिसल्या. पिशवी माळ्यावर होती, शिडी कोण चढणार, म्हणून समोरच्या दोन बाटल्या ओतल्या, लाल आणि निळी. तेवढ्यात एक हंस झाला. संध्याकाळी शिडी आणली, पिशवी काढली, तिच्यातल्या गोळ्यांनी दुसरा हंस पूर्ण केला, आणि उरलेल्या साध्या गोळ्या दोन्ही बाटल्यांत भरल्या. म्हणाली, सांगणार होते, तुम्ही नंतर म्हणालात.

म्हणजे तीन फेब्रुवारीपासून दोन्ही बाटल्यांत तेच. साखर आणि साखर. मी अठ्ठावीसपैकी सव्वीस दिवस एकाच पिशवीशी झुंजत होतो, आणि एका झाकणावर जीव जडला, दुसऱ्याचा राग केला. औषध सगळं हंसात.

उत्कर्षा पडद्यावर हसून हसून वाकली होती. मग थांबली. म्हणाली, पण बाबा, तुला काय, तू तर फवारा घेत होतास.

मनीप्लांटकडे बघितलं. म्हटलं, हो ना.

५ एप्रिल, रविवार. सकाळी ११.

वावळाचा बहर संपला. आता नुसत्या चपट्या पापुद्र्याच्या बिया उडत येतात, गॅलरीभर पडतात. त्यांचा त्रास नाही. औषध काही नाही, लाल नाही, निळी नाही, फवारा नाही. आठवडाभर नाक स्वच्छ.

स्वयंपाकघरात सरोजिनी वाल सोलत होती. मी दारात उभं राहून पाचही कडवी म्हटली. सलग, चालीत, पाचव्याला आवाज थोडा जड झाला तेवढाच. एकही शिंक नाही. ती सोलायची थांबली होती. म्हणाली, हे शेवटचं तुम्ही लग्नात म्हटलंच नाहीत. मग म्हणाली, तिला फोन लावा.

लावला. ती मीटिंगमध्ये होती, रविवार असूनही. म्हणाली संध्याकाळी करते.

संध्या. ७. तिने केला. आधी आईशी इडलीचं पीठ, मुंग्यांची पावडर. मग मी. विचारलं शिंका कशा आहेत. म्हटलं, गेल्या. म्हणाली, बघ, फवारा उशिरा का होईना लागू पडला, पुढच्या वर्षी डिसेंबरपासूनच सुरू करू. मग म्हणाली, काल लग्नाचा व्हिडिओ बघितला, तुझा आवाज छान लागलाय रे पहिल्या कडव्यात. शुभंकर विचारत होता, मंगलाष्टकं आठ असतात ना? मी म्हटलं, आमच्या बाबांची चारच होती. चारच होती ना, बाबा?

सरोजिनी दारात उभी होती. कागद माझ्या हातात होता.

म्हटलं, हो, चारच.

आजच्या शिंका: शून्य.